दोन तृतीयांश म्हणजे सगळा देश नव्हे

जून 2025 मध्ये तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांनी अमरावतीच्या सत्कारात सांगितलं, की संसद नव्हे, राज्यघटना सर्वोच्च आहे आणि तिची ‘मूलभूत चौकट’, म्हणजे तिचा गाभा, संसदेला बदलता येत नाही. ती बातमी घरच्या ग्रुपवर टाकून माझ्या मावसभावाने खाली लिहिलं, ‘लोकांनी निवडून दिलेल्या खासदारांना न्यायाधीश कसे अडवतात? तुमच्या युरोपात हे खपेल का?’ भराभर अंगठे पडले. तेव्हापासून हा वाद मिटलेला नाही आणि माझा संतापही.

मी राहतो त्या जर्मनीत हे घटनेतच लिहून ठेवलं आहे. कलम 79, परिच्छेद 3. मानवी प्रतिष्ठा, लोकशाही, संघराज्य यांच्या मूळ तत्त्वांना घटनादुरुस्तीनेही हात लावता येत नाही. सगळे खासदार एकमुखाने उभे राहिले तरी नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये कार्ल्सरूहच्या घटना न्यायालयाने सरकारची 60 अब्ज युरोंची तजवीज एका निकालात रद्द केली. आमच्या कॅन्टीनमध्ये चर्चा कशाची, तर हीटिंगचं अनुदान राहणार की जाणार याची. ‘या न्यायाधीशांना कोणी निवडून दिलं?’ असं विचारणारा मला तरी भेटला नाही.

हे शहाणपण त्यांना फार महागात पडलं आहे. मार्च 1933 मध्ये हिटलरच्या सरकारला स्वतःच कायदे करण्याची मुभा देणारा कायदा संसदेतच मंजूर झाला. 444 विरुद्ध 94, म्हणजे घटना बदलायला लागणाऱ्या दोन तृतीयांशांहून बरंच जास्त. कम्युनिस्ट खासदार तुरुंगात होते किंवा लपून बसले होते.

आणि आपल्याकडे? अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची निवडणूक रद्द केली होती, सर्वोच्च न्यायालयात सुनावणी 11 ऑगस्ट 1975 ला होती. 7 तारखेला लोकसभेत 39वी घटनादुरुस्ती मंजूर, 8 ला राज्यसभेत, 9 च्या शनिवारी राज्यांच्या विधानसभांत, 10 ला, रविवारी, राष्ट्रपतींची सही. पंतप्रधानांची निवडणूक कोर्टाच्या कक्षेबाहेर! विरोधी पक्षांचे कितीतरी खासदार तेव्हा गजाआड होते. त्या दुरुस्तीतलं हे कलम नोव्हेंबरात न्यायालयाने रद्द केलं ते ‘मूलभूत चौकटी’च्याच आधाराने. केशवानंद भारती खटल्यात, 24 एप्रिल 1973 ला, सात विरुद्ध सहा अशा निसटत्या बहुमताने आलेलं ते तत्त्व नसतं तर काय आधार होता, हे भावाने मला सांगावं.

गंमत म्हणजे या तत्त्वाचा एक धागा इथूनच गेला आहे. डीट्रिश कोनराड हे जर्मन अभ्यासक 1965 मध्ये बनारसला याच विषयावर बोलले होते. त्या सात न्यायाधीशांपैकी न्या. खन्नांनी केशवानंदच्या निकालात त्यांचा आधार घेतला. जर्मनांनी कलमात लिहिलं ते आपल्या न्यायाधीशांनी घटनेच्या अर्थातून शोधलं, याचा मला अभिमान वाटतो आणि इथल्या सहकाऱ्यांना मी तो ऐकवतो.

भारतात न्यायाधीशच न्यायाधीश नेमतात, हे मात्र त्यांना सांगताना माझी जीभ अडखळते. इथे घटना न्यायालयाचे निम्मे न्यायाधीश बुंडेसटाग, म्हणजे लोकांनी निवडलेली संसद निवडते, निम्मे बुंडेसराट, म्हणजे राज्यांचं सभागृह, तेही दोन तृतीयांश मतांनी आणि बारा वर्षांसाठीच. न्यायवृंदाची (कॉलेजियमची) पद्धत बदला, जरूर बदला. पण नेमणुकीत खोट आहे म्हणून कुंपणच उपटायचं?

यावर भावाचं उत्तर आलं, ‘तू तर पासपोर्टही सोडलास.’ ते लागलं, कारण खरं आहे. दूतावासाकडून परत आलेल्या निळ्या पासपोर्टवर ‘रद्द’चा शिक्का आहे. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर मत देता येत नाही. ज्या घटनेसाठी मी रात्री जागून भांडतो, तिच्यात माझ्या मताला जागा उरलेली नाही आणि इथल्या घटनेवर माझं असं प्रेम बसलेलं नाही. इथली मी नियम म्हणून पाळतो. तिकडच्या घटनेवर कोणी बोललं की घरच्या माणसावर बोलल्यासारखं वाटतं.

आई अजून तिकडेच आहे. तिला सरकारशी कधी भांडावं लागलं तर तिच्या हाती समानतेचं 14 आणि जीवित व स्वातंत्र्याचं 21 ही कलमं आहेत. ती कुठल्याही बहुमताच्या हाती सोपवायला मी तयार नाही, पासपोर्ट कुठलाही असो.