‘एकही प्रश्न सोडू नका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

बँकभरतीची जाहिरात पडली की अभ्यासिकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. शब्द इकडचे तिकडे होतात, सूर तोच: "९० दिवस रोज १४ तास बसा. पेपरात एकही प्रश्न सोडू नका, येत नसेल तिथं तुक्का मारा. गणितासाठी ट्रिक पाठ करा. रोज एक मॉक (सराव परीक्षा) द्या. मुख्य परीक्षेचं पूर्व परीक्षा निघाल्यावर बघू. चालू घडामोडी शेवटच्या आठवड्यात एका पीडीएफवर होतात. मराठी माध्यमवाल्यांनी अधिकारीपदाचा नाद सोडून क्लार्कच भरावं."

सल्ला मेहनती वाटतो, म्हणूनच तो पसरतो. पण मेसेज तास मोजतो, प्रश्न मोजतो, मॉक मोजतो. परीक्षा मात्र हे बघते, की हातात २० मिनिटं असताना तुम्ही कोणता प्रश्न उचलला आणि कोणता खाली ठेवला.

सगळ्यात जास्त नुकसान करणारा सल्ला आधी घेऊ: एकही प्रश्न सोडू नका. आयबीपीएस या बँकांसाठी भरती परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या लिपिक पूर्व परीक्षेत इंग्रजीचे ३०, गणिताचे ३५ आणि बुद्धिमत्तेचे ३५ प्रश्न असतात आणि प्रत्येक विभागाला स्वतंत्र २० मिनिटं. वेळ संपली की विभाग बंद. इंग्रजीत वाचवलेली चार मिनिटं गणितात वापरता येत नाहीत. ३५ प्रश्नांना १,२०० सेकंद म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम ३४ सेकंद. आठ माणसं आणि आठ मजल्यांचं पझल नुसतं वाचायलाच तेवढा वेळ जातो. सगळ्यांनी सगळं सोडवावं म्हणून हा पेपर काढलेलाच नसतो.

आता आकडेमोड करून बघा. एकाने १०० पैकी ८० प्रश्न सोडवले, त्यातले ६० बरोबर आणि २० चूक. चुकीच्या उत्तराला पाव गुण जातो, म्हणजे ६० वजा ५, हातात ५५. दुसऱ्याने ६८ च सोडवले. ६१ बरोबर, ७ चूक. त्याचे होतात ५९.२५. बारा प्रश्न कमी सोडवून सव्वाचार गुण जास्त. लिपिकच्या यादीत पाव-अर्ध्या गुणावर माणसं अडकतात, तिथं सव्वाचार म्हणजे फार मोठं अंतर.

मग पेपर सोडवायचा कसा? गणितात पहिल्या आठ-नऊ मिनिटांत सिम्प्लिफिकेशन, अंकमालिका, वर्गसमीकरणं. मग डीआयचा, म्हणजे तक्ते-आलेखांवरच्या प्रश्नांचा, संच. शाब्दिक उदाहरणं शेवटी, आणि ४५ सेकंदांत रस्ता दिसला नाही की पुढं. बुद्धिमत्तेत असमानता, सिलॉजिझम (विधानांवरून निष्कर्ष), कोडिंग, नातेसंबंध, दिशा हे आधी सहा-सात मिनिटांत उरकायचे. नंतर सगळ्या पझलवर एकदा नजर फिरवायची आणि ज्यात ‘अमका तिसऱ्या मजल्यावर राहतो’ अशी थेट, ठाम माहिती जास्त आहे ते उचलायचं. ‘अमका तमक्याच्या शेजारी नाही’ अशा नकारांनी भरलेलं पझल शेवटी. चार मिनिटांत मांडणी जमली नाही तर ते सोडायचं. इथंच बहुतेक जण फसतात: तीन मिनिटं घातली आहेत, आता सोडून द्यायचं कसं? आणि त्या एका हट्टापायी पाच सोपे प्रश्न न वाचताच राहतात.

शिवाय आयबीपीएसला प्रत्येक विभागाचा वेगळा कटऑफ, म्हणजे किमान गुणांची अट, असतो. एसबीआयच्या पीओ (प्रोबेशनरी ऑफिसर) आणि लिपिक पूर्व परीक्षेत तो नसतो. तिथं फक्त एकूण गुण बघतात. त्यामुळे ‘इंग्रजीत जेवढ्यास तेवढं, बाकी गणितावर ओढू’ हे गणित एसबीआयला चालून जाईल, आयबीपीएसला तुम्हाला घरी बसवेल.

तुक्क्याचं खरं गणितही सांगायला हवं, कारण ‘कधीच तुक्का मारू नका’ हा उलट टोकाचा सल्लाही चूकच आहे. पर्याय पाच असतात. डोळे मिटून उत्तर दिलं तर पाचातून एकदा एक गुण मिळतो आणि चारदा पाव जातो: बेरीज शून्य. म्हणजे सरासरीने फायदा नाही, तोटा नाही, फक्त वेळ गेला. एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर दर प्रश्नामागे ०.०६ गुणाचा नाममात्र फायदा. तीन बाद होऊन दोन उरले तर मात्र ०.३७५. तिथं उत्तर द्यावंच. धोका आहे तो अर्धवट येणाऱ्या प्रश्नांत. चुकीचे पर्याय हवेतून येत नाहीत. तुम्ही जी चूक हमखास करता तिचंच उत्तर तिथं बसवलेलं असतं. अशा प्रश्नात ‘जवळपास आलं होतं’ म्हणून मारलेला तुक्का डोळे मिटून मारलेल्यापेक्षाही वाईट. मुख्य परीक्षेत प्रश्नाला दीड गुण असेल तर कपातही त्याच्या पाव, म्हणजे ०.३७५.

परीक्षा झाल्या दिवशी संध्याकाळी ‘गुड अटेम्प्ट ७८ ते ८२’ (एवढे प्रश्न सोडवले असतील तर पुरे) अशा याद्या फिरतात, त्याही याच विचारातून आलेल्या. परीक्षा अनेक सत्रांत होते, सत्रागणिक पेपर वेगळा असतो आणि आयबीपीएस सत्रांचे गुण इक्वि-पर्सेंटाइल पद्धतीने, म्हणजे त्या-त्या सत्रातल्या क्रमानुसार, एका पातळीवर आणते. कठीण सत्रातले ५२ सोप्या सत्रातल्या ५८ च्या बरोबरीचे ठरू शकतात. पेपर कठीण वाटला म्हणून घाबरून अटेम्प्ट वाढवणं म्हणजे नको तिथं नको ते करणं.

ट्रिकांबद्दल. पाठांतर लागतंच, पण कशाचं? ३० पर्यंतचे पाढे आणि वर्ग, १५ पर्यंतचे घन, आणि १/२ पासून १/१५ पर्यंतच्या अपूर्णांकांचे शेकडे. ६४८ चे ३७.५ टक्के म्हणजे तीन अष्टमांश: ८१ त्रिक २४३. ३४९.८७ चे १४.२९ टक्के म्हणजे ३५० चा सातवा भाग, ५०. पूर्वी शाळेत पावकी, निमकी, पाउणकी घोकून घेत. सिम्प्लिफिकेशन ही तीच विद्या आहे.

सूत्राच्या ट्रिकांचं तसं नाही. ‘दोन वर्षांच्या चक्रवाढ आणि सरळव्याजातला फरक म्हणजे मुद्दल गुणिले दराचा वर्ग भागिले दहा हजार’ हे सूत्र बरोबर आहे. आता प्रश्न असा येतो: १०,००० रुपये, दर साल दर शेकडा १२, एक वर्ष, व्याजाची आकारणी सहामाही. इथं काळ दोन सहामाहींचा आणि दर सहामाहीला ६. फरक ३६ रुपये. ट्रिक पाठ केलेला १२ चा वर्ग घेतो आणि १४४ वर टिचकी मारतो. १४४ पर्यायांत असणारच. वर्गसमीकरणांतही तेच. एका समीकरणाची मुळं ३ आणि ४, दुसऱ्याची ४ आणि ५. चिन्हं बघून घाईने ‘क्ष लहान’ असं लिहिलं की गुण गेला, कारण ४ दोन्हीकडे आहे आणि उत्तर ‘क्ष लहान किंवा समान’ असं आहे. सूत्र कुठून आलं हे एकदा कागदावर सिद्ध करून बघितलं की अट आपोआप लक्षात राहते. त्याला दहा मिनिटं लागतात, आणि ती ९० दिवसांत एकदाच द्यावी लागतात.

रोज एक मॉक? ६० मिनिटांच्या मॉकचं नीट पोस्टमॉर्टेम करायला दोन तास लागतात. ते न करता रोज मॉक देणं म्हणजे रोज वजनकाट्यावर उभं राहून बारीक होण्याची वाट बघणं. सुरुवातीला घटकनिहाय चाचण्या, मग आठवड्याला दोन पूर्ण मॉक, शेवटच्या तीन आठवड्यांत आठवड्याला तीन-चार. प्रत्येक मॉकनंतर वहीत चार रकाने: प्रश्नप्रकार, लागलेला वेळ, चूक कशी झाली (पद्धतच माहीत नव्हती, आकडेमोड चुकली, की प्रश्न नीट वाचला नाही), आणि हा प्रश्न सोडायला हवा होता का. चौथा रकाना कुणी भरत नाही आणि सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच. राहिलेले प्रश्न दुसऱ्या दिवशी घड्याळ न लावता सोडवा. त्यातले बहुतेक सुटले तर अडचण निवडीची आहे. न सुटले तर अभ्यासाची. दोन्हींचा इलाज वेगळा. अचूकता ८५ टक्क्यांच्या खाली असेल तर अटेम्प्ट कमी करा. ९५ च्या वर असून गुण कमी असतील तर तुम्ही प्रत्येक उत्तर दोनदा तपासत आहात. मॉक शक्यतो तुमच्या सत्राच्या वेळीच द्या आणि कच्चं काम मोजक्या कागदावर करा.

चौदा तासांचा मुद्दा खोडत बसण्याइतका मोठा नाही. नोकरी सांभाळून पाच तास मिळत असतील तर गणित दीड तास, पझल एक तास, इंग्रजी एक तास, बँकिंग आणि घडामोडी एक तास, उरलेला अर्धा तास कालच्या चुका.

‘मुख्यचं नंतर बघू’ हे मात्र महागात पडतं. पूर्व परीक्षेचे गुण अंतिम यादीत धरतच नाहीत. ती फक्त चाळणी. आयबीपीएस पीओची अंतिम यादी मुख्य आणि मुलाखत यांच्या ८०:२० या प्रमाणात लागते, लिपिकला मुलाखत नाही, सगळं मुख्यवर. २०२४ मध्ये पीओची पूर्व १९ आणि २० ऑक्टोबरला झाली, मुख्य ३० नोव्हेंबरला. मध्ये चाळीस दिवस. निकालाची वाट बघत बसणाऱ्याच्या हाती त्यातले थोडेच उरतात. शिवाय रचना बदलत असते: २०२५ मध्ये लिपिकच्या मुख्य परीक्षेतले प्रश्न १९० वरून १५५ आणि वेळ १६० मिनिटांवरून १२० झाला. जुन्या रचनेच्या मॉकवर बसवलेला वेग तिथं उपयोगाचा नाही. पीओला तर निबंधासारखं वर्णनात्मक लेखन इंग्रजीत, संगणकावर टाइप करायचं असतं, वेळ ३० मिनिटं. मिनिटाला २० शब्दांच्या वेगाने ३५० शब्द टाइप करायलाच साडेसतरा मिनिटं जातात. विचार करायला उरतात साडेबारा. रोज पंधरा मिनिटं टायपिंगचा सराव पहिल्या महिन्यापासूनच हवा.

चालू घडामोडी आणि एक पीडीएफ. लिपिकच्या मुख्य परीक्षेत २०० पैकी ५० गुण सामान्य आणि आर्थिक ज्ञानाचे. २०२५ च्या रचनेत त्या विभागात ४० प्रश्न, २० मिनिटं. आकडेमोड शून्य, येतं किंवा येत नाही. २०२५ च्या पहिल्या सहा महिन्यांत रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना कर्ज देते तो दर) तीनदा बदलला: फेब्रुवारीत ६.२५, एप्रिलमध्ये ६, जूनमध्ये ५.५ टक्के. मार्चमध्ये बनवलेल्या पीडीएफवर जूननंतरचं उत्तर कसं बरोबर येणार? त्यापेक्षा रचना समजून घ्या. एसडीएफ (बँकांनी रिझर्व्ह बँकेत ठेवलेल्या जादा पैशावरचा दर) रेपोच्या पाव टक्का खाली, एमएसएफ (बँकांना अडीनडीला मिळणाऱ्या कर्जाचा दर) पाव टक्का वर, बँक दर एमएसएफएवढाच. म्हणजे चार दरांसाठी एकच आकडा ताजा ठेवायचा. जे सहसा हलत नाही ते वेगळ्या पानावर: ठेव विमा ५ लाख, महागाईचं लक्ष्य ४ टक्के, अधिक-उणे २, पतधोरण समितीत सहा सदस्य, शेती, लघुउद्योग अशा अग्रक्रम क्षेत्राला द्यायच्या कर्जाचं लक्ष्य बँकांना ४० टक्के आणि ग्रामीण बँकांना ७५ टक्के. रोज वीस मिनिटं आणि महिन्याअखेर उजळणी, एवढं पुरतं.

आता मराठी माध्यम. आयबीपीएस पीओचा पेपर इंग्रजी आणि हिंदीतच असतो, हे खरं. पण अधिकारीपदाचा तो एकच दरवाजा नाही. ग्रामीण बँकेच्या अधिकारी स्केल-१ ची (अधिकारीपदाची पहिली पायरी) परीक्षा मराठीतून देता येते, तिच्या पूर्व परीक्षेत भाषेचा विभागच नाही आणि मुख्यमध्ये इंग्रजी किंवा हिंदी यांतलं एक निवडता येतं. स्थानिक भाषा येणं तर तिथं अटच आहे. १ मे २०२५ पासून राज्यातल्या दोन्ही ग्रामीण बँका एकत्र होऊन महाराष्ट्र ग्रामीण बँक ही एकच झाली आहे. हे सांगायचं सोडून मुलांना ‘नाद सोडा’ म्हणणं हा निव्वळ आळस आहे. लिपिकची परीक्षाही इंग्रजीचा विभाग वगळता मराठीतून देता येते. मात्र माध्यम अर्जातच निवडावं लागतं आणि सराव त्याच माध्यमातून हवा. इंग्रजी मॉकवर तयारी करून ऐनवेळी मराठी प्रश्न वाचताना पारिभाषिक शब्दाचा अर्थ काय इथंच अडायला होतं.

इंग्रजीत आपल्याकडच्या चुका ठरावीक आहेत: ‘डिस्कस’नंतर ‘अबाउट’, ‘वन ऑफ द’नंतर एकवचनी नाम, ‘प्रिफर’नंतर ‘टू’ऐवजी ‘दॅन’, ‘हार्डली’नंतर ‘व्हेन’ऐवजी ‘दॅन’. अशा चाळीस-पन्नास जागांची यादी करून पक्की केली की चुका ओळखण्याचे बरेचसे प्रश्न सुटतात. उताऱ्यासाठी रोज एक अग्रलेख, पण अर्थ मराठीत दोन ओळींत लिहून काढायचा.

आणि मेसेजमध्ये नसलेला एक मुद्दा, ज्यावर निवड झालेली मुलंही कागदपत्रं तपासताना अडकतात: अर्ज. ओबीसी प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यातलं, नॉन-क्रीमीलेअरच्या उल्लेखासह आणि जाहिरातीत सांगितलेल्या मुदतीतलं लागतं. राज्याच्या नमुन्यातलं चालत नाही. धनगर आणि वंजारी राज्यात भटक्या जमातींत असले तरी केंद्राच्या भरतीत ओबीसी म्हणून अर्ज करतात. राज्याचं एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आरक्षण इथं लागू नाही. केंद्राच्या ओबीसी यादीत नसलेला मराठा उमेदवार आर्थिक निकषांत बसत असेल तर त्याने केंद्राच्या नमुन्यातलं ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) प्रमाणपत्र काढावं. लिपिकसाठी एकाच राज्यातून अर्ज करता येतो. सही इंग्रजी कॅपिटल अक्षरांत करू नका, आणि हस्तलिखित घोषणापत्र स्वतःच्या अक्षरात, इंग्रजीतच लिहा. सायबर कॅफेवाल्याकडून लिहून घेऊ नका.