खुलासा : नुकसानभरपाईसाठी शिक्षेची वाट पाहावी लागत नाही

‘लैंगिक अत्याचारात आरोपीला शिक्षा झाल्यावरच भरपाई मिळते, वकील स्वतःच्या पैशाने करावा लागतो आणि भरपाई घेतली की तक्रार मागे घ्यावी लागते’ असा मेसेज फिरतो आहे. तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 नुसार स्त्रिया आणि मुलांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळू शकतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा किंवा 15100 वर फोन करा. दिवाणी दाव्यासाठीही ही मदत मागता येते, हे फारसे कुणी सांगत नाही.

बालकांच्या प्रकरणात पोक्सो (लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा) नियम, 2020 चा नियम 9 वाचावा. गुन्हा नोंदल्यानंतर कोणत्याही टप्प्यावर विशेष न्यायालय अंतरिम (म्हणजे अंतिम निकालाआधीची) भरपाई देऊ शकते. आरोपी सापडला नाही किंवा निर्दोष सुटला, तरीही न्यायालय भरपाईची शिफारस करू शकते. आदेश मिळाल्यापासून 30 दिवसांत राज्य सरकारने रक्कम द्यायची असते. प्रौढ स्त्रियांसाठीही पीडित भरपाई योजना आहेत. महाराष्ट्रात ‘मनोधैर्य’ आहे.

ही मदत म्हणजे आरोपीशी तडजोड नव्हे. ती घेतली म्हणून खटला थांबत नाही. अशा मेसेजमुळे एखादी आई अर्जच करणार नाही, याची मला खरी काळजी वाटते. कृपया तो पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर आला असेल तिथे हा खुलासा टाका.