फॉगर्टीनं काय परत मिळवलं, काय नाही

अमेरिकन रॉक गायक-गीतकार जॉन फॉगर्टीचा ‘लेगसी’ हा अल्बम 22 ऑगस्ट 2025 रोजी आला. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायवल या साठच्या दशकाच्या अखेरीस गाजलेल्या आपल्या जुन्या बँडची 20 गाणी त्यानं ऐंशीच्या उंबरठ्यावर नव्यानं रेकॉर्ड केली आणि त्यांवर ‘जॉन्स व्हर्जन’ असा शिक्का मारला. तेव्हापासून रॉक ऐकणाऱ्यांत एक म्हणणं थोड्याफार फरकानं फिरतंय. म्हाताऱ्याला नवं सुचत नाही. टेलर स्विफ्टचा गल्ला बघून त्यानं तिची नक्कल केली. कंपनीनं लाटलेली जुनी रेकॉर्डिंग त्यानं या मार्गानं सोडवून घेतली. आणि काही झालं तरी ही गाणी नकली, अस्सल ती 1969 चीच.

एकाच दमात माणसाला लोभीही ठरवलंय आणि लढवय्याही. ते असो, एकेक मुद्दा घेऊ.

नक्कल टेलर स्विफ्टची? स्विफ्टनं आपले जुने अल्बम पुन्हा गाऊन त्यांना ‘टेलर्स व्हर्जन’ म्हटलं; नावाची लकब तिच्याकडून उचललीय, हे उघड आहे. पण पद्धत तिच्या जन्माच्या कितीतरी आधीची. एव्हर्ली ब्रदर्स ही गायकांची जोडी केडन्स ही रेकॉर्ड कंपनी सोडून वॉर्नरकडे गेली आणि 1964 साली त्यांनी केडन्सच्या काळातली गाणी पुन्हा गाऊन संग्रह काढला. त्याच वर्षी जेरी ली लुईसनं सन रेकॉर्ड्ससाठी गाजवलेली गाणी स्मॅश या नव्या कंपनीसाठी पुन्हा वाजवली. चक बेरी चेसकडून मर्क्युरीकडे गेला, आणि 1967 मध्ये त्याचाही ‘गोल्डन हिट्स’ तयार. (तो ऐकू नये. मूळ गाण्यांतला खट्याळपणा त्यात शोधून सापडत नाही.) रॉय ऑर्बिसननं 1987 मध्ये हेच केलं. कारण साधं होतं: कलाकार नव्या घरी येतो, पण जुन्या टेप जुन्या मालकाकडेच राहतात. मग नवी कंपनी म्हणते, पुन्हा गा. याला आळा घालायला करारांत कलम येऊ लागलं की अमुक वर्षं तेच गाणं दुसरीकडे रेकॉर्ड करायचं नाही. खुद्द स्विफ्टला नोव्हेंबर 2020 पर्यंत थांबावं लागलं, ते अशाच कलमामुळे.

आता ‘रेकॉर्डिंग सोडवून घेतली’ हा मुद्दा. इथे सगळ्यात जास्त गोंधळ आहे, म्हणून जरा सविस्तर.

एका गाण्यात दोन मालमत्ता असतात. शब्द आणि चाल ही एक, तिच्या हक्कांना धंद्यात पब्लिशिंग म्हणतात. ते गाणं स्टुडिओत ज्या टेपवर उतरलं ती दुसरी, म्हणजे मास्टर. दोन्हींचे मालक वेगळे असू शकतात. स्विफ्टनं स्वतः लिहिलेल्या गाण्यांत तिचा वाटा होता, पण पहिल्या सहा अल्बमचे मास्टर तिच्या हाताबाहेर विकले गेले होते. फॉगर्टीकडे दोन्हींपैकी काहीच नव्हतं. फँटसी रेकॉर्ड्सबरोबरच्या करारात गाणी कंपनीकडे गेली होती. तिचा मालक सॉल झेंट्झ, हाच पुढे सिनेमे काढून ऑस्करपर्यंत पोहोचला. 1972 मध्ये बँड फुटला, तरी करार फॉगर्टीच्या मानगुटीवर होताच. त्यातून सुटण्यासाठी त्यानं जुन्या रेकॉर्डवरच्या स्वतःच्या रॉयल्टीवर पाणी सोडलं.

याचा परिणाम किती विचित्र होऊ शकतो ते 1985 नंतर दिसलं. ‘सेंटरफील्ड’ या अल्बमनं फॉगर्टी पुन्हा पहिल्या क्रमांकावर आला, तेव्हा फँटसीनं त्याला कोर्टात खेचलं. आरोप असा की त्यातलं ‘द ओल्ड मॅन डाउन द रोड’ हे 1970 च्या ‘रन थ्रू द जंगल’ची चोरी आहे. दोन्ही गाणी फॉगर्टीचीच! पण जुन्याचा मालक तो नव्हता, त्यामुळे स्वतःसारखं वाजवणं हाच गुन्हा ठरू पाहत होता. 1988 मध्ये साक्षीदाराच्या जागेवर गिटार घेऊन बसून त्यानं ज्यूरीला आपली शैली म्हणजे काय ते वाजवून दाखवलं आणि खटला जिंकला. वकिलाचा खर्च कोणी द्यायचा हा वाद तर 1994 मध्ये थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि त्या बाबतीत जिंकलेल्या प्रतिवादीलाही वादीइतकाच न्याय हवा, हे तिथे ठरलं.

म्हणजे त्याची खरी जखम गाण्यांच्या मालकीची होती. ती मालकी, बहुतांश तरी, त्याला जानेवारी 2023 मध्ये विकत घेऊन मिळाली. 2004 मध्ये फँटसी ताब्यात घेणाऱ्या काँकॉर्ड या कंपनीनं त्याची थांबलेली रॉयल्टी आधीच पुन्हा सुरू केली होती. जुने मास्टर मात्र काँकॉर्डकडेच राहिले. ‘लेगसी’ काढला कोणी? त्याच काँकॉर्डनं. जुन्या टेपांचा मालकच जर नवा अल्बम बाजारात आणतोय, तर यात कोणी कोणाकडून काही सोडवून घेतलेलं नाही. स्विफ्टनं जुन्या रेकॉर्डिंगचा बाजार मोडावा म्हणून नवी काढली. फॉगर्टीनं आधी गाणी विकत घेतली, मग ती गायला बसला. क्रमच उलटा.

पैशाचा मुद्दाही याच फरकावर अडतो. 2023 पासून जुनी रेकॉर्ड कुठेही वाजली तरी गीतकार आणि गाण्याचा मालक म्हणून त्याला वाटा मिळतोच. शिवाय अमेरिकेत एकदा प्रसिद्ध झालेलं गाणं ठरलेली रॉयल्टी भरून कोणीही रेकॉर्ड करू शकतो, म्हणजे फॉगर्टीलाही हे बऱ्याच आधी करता आलं असतं. त्यानं केलंही: 2013 मध्ये इतर कलाकारांना सोबत घेऊन, 2020 मध्ये घरच्यांना घेऊन. या अल्बमातून त्याला काहीच मिळणार नाही असं मी म्हणत नाही. ऐंशीव्या वर्षी फुकट गावं असा नियमही नाही. पण मालकीत पैशाहून मोठी गोष्ट असते, ती म्हणजे ‘नाही’ म्हणण्याची सोय. ‘फॉर्च्युनेट सन’ हे बड्यांची पोरं व्हिएतनाम युद्धातून कशी सुटतात यावरचं संतापाचं गाणं. एका जीन्सच्या जाहिरातीत त्यातली झेंड्याची ओळ तेवढी ठेवली आणि टोमणा कापला. फॉगर्टी चडफडण्यापलीकडे काही करू शकला नाही. 2020 मध्ये ट्रम्प यांच्या प्रचारसभांत तेच गाणं वाजलं, तेव्हाही ते त्याच्या मालकीचं नव्हतं; त्यानं वापर थांबवण्याची नोटीस तेवढी काढली. ज्या माणसानं रागापोटी 1987 पर्यंत क्रीडन्सची गाणी स्टेजवर जवळपास टाळलीच, त्याला ती आता गावीशी वाटणं मला तरी हिशेबाचं प्रकरण वाटत नाही.

नवं सुचत नाही, याला उत्तर एका ओळीचं: 2021 मध्ये त्यानं ‘वीपिंग इन द प्रॉमिस्ड लँड’ हे नवं गाणं काढलं. टीकाकारांनी ते ऐकलेलं नसावं.

राहिला ‘नकली’ हा शब्द. इथे फॉगर्टीच्या चाहत्यांचा बचावही मला पटत नाही. ते म्हणतात, आपले गवई तीच बंदिश साठाव्या वर्षी वेगळी मांडतात, तसंच हे. तसं ते नाहीच. या अल्बमात मांडणी जवळजवळ जशीच्या तशी ठेवलीय, गिटारच्या सुरावटींसकट. बदललाय तो आवाज. तो ऐंशीच्या मानानं थक्क करणारा आहे, पण चोविसाव्या वर्षीची ती घसा फाडणारी ओरड त्यात नाही. ध्वनीही फार धुतलेला वाटतो. मी मूळच ऐकेन.

तरीही नकली नाही. ऐंशीच्या दशकात आपल्याकडे लता-रफींची गाणी भलत्याच आवाजात भरलेल्या स्वस्त कॅसेट विकल्या जायच्या, गायकाचं नाव बारीक अक्षरात. इथे मूळ गायक आहे, आणि ही नवी आवृत्ती आहे हे गाण्याच्या नावातच लिहिलंय. मूळ रेकॉर्ड बाजारातून हललेल्या नाहीत.

टीका करायचीच असेल, तर जागा दुसरी आहे. क्रीडन्सचा आवाज चौघांचा होता. डग क्लिफर्डचे ड्रम, स्टू कुकचा बेस आणि 1990 मध्ये गेलेल्या मोठ्या भावाची, टॉमची ऱ्हिदम गिटार यांतलं काहीच इथे नाही; साथीला शेन आणि टायलर ही जॉनची मुलं आहेत. क्रीडन्सची वर्षं एकट्या जॉनच्या नावावर कशी, हे त्याला जरूर विचारावं. मात्र क्लिफर्ड आणि कुक यांनीही 1995 पासून क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हिजिटेड या नावानं, दुसरा गायक उभा करून, वर्षानुवर्षं हीच गाणी वाजवली. तेव्हा कोर्टात धावला होता तो फॉगर्टी.