गाडीत बसतो, बसमध्ये चढतो

वाद पेटला बंड्याच्या वहीवरून. मुलाखतीसाठी त्याने प्रवासाचे इंग्रजी शब्द उतरवून काढले होते. 'गेट इन', 'गेट ऑन', 'बोर्ड' या तिन्हींपुढे एकच अर्थ, चढणे. 'ड्राइव्ह' आणि 'राइड', दोन्ही चालवणे. 'ट्रॅव्हल'पुढे प्रवास, आणि खाली 'जर्नी', 'ट्रिप', 'व्हॉयेज' यांच्यापुढे नुसत्या 'वरीलप्रमाणे'च्या खुणा.

"सरावाच्या पेपरात 'गेट इन द बस' लिहिलं म्हणून गुण कापले. बस काय आणि कार काय, आत शिरायचंच ना? या भाषेला ताळतंत्रच नाही. पाठ करायचं आणि मोकळं व्हायचं."

मास्तर इंग्रजी शिकवतात, त्यांना हे झोंबलं. "बरं, तू कारने निघालास तर मराठीत काय म्हणतोस?"

"गाडीत बसलो."

"आणि बसने?"

"बसमध्ये चढ..." बंड्या तिथेच थांबला.

हा फरक आपल्याला कुणी शिकवलेला नसतो. कारमध्ये माणूस वाकतो आणि थेट जागेवर टेकतो. बसमध्ये पायरी चढून उभा राहतो, चालत जाऊन जागा शोधतो. इंग्रजीही साधारण हेच बघते. आत चालता येतं ती बस, रेल्वे, विमान, जहाज 'ऑन'. वाकून बसावं लागतं ती कार, टॅक्सी 'इन'. सायकल आणि घोडा यांच्यावर टांग टाकायची, म्हणून तिथे पुन्हा 'ऑन'.

अण्णांना पटेना. "पंचवीस वर्षं ट्रक चालवला मी. दांडी धरून, पायरीवर पाय देऊन केबिनमध्ये चढावंच लागतं. मग ट्रकला 'इन' कशाला?"

"चढलात, पण आत चार पावलं टाकता येतात का?"

"पावलं कसली! गुडघ्याशी गिअर असतो."

"म्हणून 'इन'."

'ड्राइव्ह' आणि 'राइड'वर मात्र मला राहवेना. वर्तमानपत्रात रोज छापून येतं, 'दुचाकीस्वार जखमी, ट्रकचालक ताब्यात'. ट्रकस्वार कधी वाचलाय कुणी? 'राइड' म्हणजे पाठीवर स्वार होणं. 'ड्राइव्ह' मुळात गुरांसाठीचा शब्द, मागून हाकत नेण्याचा. पुढे त्याच शब्दाने घोडागाड्या हाकल्या, आणि जनावरं गेली तरी शब्द स्टिअरिंगमागे येऊन बसला.

"आमचे वडील ट्रकलासुद्धा हाकणंच म्हणायचे," अण्णा म्हणाले. "निघताना हमखास, 'हळू हाक रे'."

मग मास्तरांनी 'जर्नी' काढला. जुन्या फ्रेंचमधला शब्द, मूळ अर्थ एका दिवसात होईल तेवढी वाटचाल; 'जूर' म्हणजे दिवस. ऐकताच मी म्हणालो, ही तर आपली मजल! मजल दरमजल करत माणसं जायची, ती एकेक मजल म्हणजे एकेका दिवसाची चाल. 'ट्रॅव्हल' तर कष्ट या अर्थाच्या शब्दातून आलाय, आणि पायी वाट तुडवणाऱ्याला तो समजावून सांगावा लागला नसेल.

माझं म्हणणं मी तिथेच ठासून मांडलं. इंग्रजी अवघड नाही, बंड्याचा उजवा रकाना गरीब आहे. तिथे बसणे, चढणे, स्वार होणे, हाकणे, मजल असे वेगवेगळे शब्द लिहिले, तर घोकायला उरतंच किती?

"मुलाखतीत एवढा विचार करायला वेळ कुठे असतो?" बंड्या म्हणाला. हा मुद्दा खरा होता. पण मास्तर म्हणाले, "'गाडीत बसलो' म्हणताना तू कधी विचार केलास?"

बंड्याने थोडा वेळ घेतला आणि नवीन फासा टाकला. "लिफ्टमध्ये उभं राहायचं, पण चालायला जागा नाही. आता सांगा, इन की ऑन?"

मास्तर जरा घुटमळले. "ब्रिटिश माणूस 'गेट इन द लिफ्ट' म्हणेल. अमेरिकेत 'गेट ऑन द एलिव्हेटर' सर्रास चालतं."

"आणि आपण?" अण्णांनी विचारलं.

"लिफ्टमध्ये शिरलो," बंड्याच म्हणाला, आणि पेन काढून वहीत खाडाखोड करू लागला.