बिनफोडणीचा सॉस

भाज्या बुडवून खायचा, चक्का आणि फेसलेल्या मोहरीचा कच्चा सॉस दहा मिनिटांत होतो असं जे सांगतात, ते खोटं बोलत नाहीत. चार तास टांगलेलं दही, नाकात चढलेली मोहरी आणि ओल्या काकडीशी घातलेला वाद, एवढंच ते हिशेबात धरत नाहीत.

खरी अडचण वेळेची नाहीच. आपल्या स्वयंपाकात फोडणी ही सगळ्या चुकांवर घालायची गोधडी आहे. भाजी पाणचट झाली, वरून फोडणी. वरण आळणी झालं, लसणीची फोडणी. चुर्र आवाज झाला की निम्म्या तक्रारी घशातच राहतात. बिनविस्तवाच्या सॉसला ही सोय नाही. दही आंबट निघालं तर ते शेवटपर्यंत आंबटच राहतं, आणि सगळ्यांसमोर राहतं.

इंदुरात हा उद्योग करायचे दिवस म्हणजे होळी ते चैत्राची सुरुवात. माळव्यातले नवे बटाटे आलेले असतात, अंगठ्याने साल निघेल असे. लाल गाजरं जाण्याच्या बेतात असतात, मटार महाग व्हायला लागलेला, नवी काकडी हजर. मुळा आणि फरसबी घ्या, झालं ताट. गाजर घेताना वरचा भाग बघावा. तो जाड आणि हिरवट असेल तर आत लाकूड आहे असं समजावं. भाजीवाला ‘भिया, एकदम ताजी’ म्हणतो. गाजराच्या वयाबद्दल त्याने काहीच सांगितलेलं नसतं, हे लक्षात ठेवावं.

आता दही. चार माणसांना अर्धा किलो घट्ट, सायीच्या दुधाचं. मलमलच्या फडक्यात बांधून चाळणीत ठेवायचं, खाली पातेलं, आणि हे सगळं फ्रिजमध्ये. माळव्याच्या रात्री गार असतात खऱ्या, पण मार्चमध्ये दुपारी ओट्याशी टांगलेलं दही संध्याकाळपर्यंत तुमच्याशी आंबट तोंडाने बोलतं. चार तासांत निम्मं पाणी निघतं आणि साधारण पाव किलो चक्का उरतो. इथेच थांबायचं. श्रीखंडासाठी आपण तो कोरडा होईपर्यंत ठेवतो, सॉसला तसा चालत नाही. चमच्यातून सावकाश, जरा आढेवेढे घेत पडेल इतपतच हवा. दुसरा धोका घरातल्या माणसांचा. मराठी घरात चक्का नुसता दिसला तरी कुणीतरी साखरेचा डबा काढतं. भांड्यावर चिठ्ठी लावावी.

आणि मग मोहरी, या सॉसचा जीव. आपण जन्मभर मोहरी खातो, पण तिची आपली ओळखच झालेली नसते. फोडणीत तडतडते ती मोहरी निरुपद्रवी, खमंग, पेन्शनीत निघालेली. तिखटपणा तिच्या दाण्यात तयार नसतोच. सिनिग्रिन नावाचं द्रव्य एका कप्प्यात आणि मायरोसिनेज नावाचं एन्झाइम दुसऱ्या कप्प्यात असतं. दाणा फुटला आणि पाणी लागलं की दोघांची गाठ पडते, आणि जे तिखट, उडून जाणारं तेल तयार होतं ते थेट नाकात घुसतं. कढत तेलात एन्झाइम मरतं, म्हणून फोडणीची मोहरी कधी नाकात चढत नाही. आपल्या आज्यांना एन्झाइमचं नाव माहीत नव्हतं, पण मोहरी गार पाण्यातच फेसायची हे पक्कं माहीत होतं.

दुकानात बारीक दाण्याची राई मागावी. पोह्याचे दोन चमचे राई खलबत्त्यात भरड कुटायची, मग दोन मोठे चमचे गार पाणी थोडं थोडं घालून फेसायची. मिश्रण फिकट पडतं, थोडा फेस दिसतो, आणि वास आहे का बघायला तुम्ही वाकता. वाकू नका. झाकण ठेवून दहा मिनिटं बाजूला व्हा. गरम पाणी घातलंत तर एन्झाइम मेलं, मग हाती उरतो कडू चिखल. लिंबू आधी पिळलंत तर आंबटपणामुळे एन्झाइमचं काम मंदावतं आणि मोहरी जागीच होत नाही. दहा मिनिटांनंतर मात्र एक मोठा चमचा लिंबाचा रस घालायलाच हवा. तो आलेला तिखटपणा धरून ठेवतो, नाहीतर तासाभरात सगळा झणका हवेत. म्हणजे लिंबू आधी घातलं तर शत्रू, नंतर घातलं तर मित्र. नातेवाइकांच्या बाबतीतही वेळ साधली तर असंच होतं.

मिक्सरवर मोहरी वाटणारे शूर असतात. भांडं लहान, दाणे थोडे, पातं नुसतं हवेत फिरतं, भांडं तापतं आणि मोहरी कडवट होते. ताजी फेसलेली मोहरी तशीही थोडी कडू असते. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली तर कडूपणा बराच उतरतो, झणकाही थोडा उतरतो. काय हवं ते आधी ठरवावं.

लसणीची एकच लहान पाकळी, त्याहून जास्त नको. ती किसून आधी त्या लिंबाच्या रसात दहा मिनिटं ठेवली की तिचा कच्चा उग्रपणा बसतो. मग तो रस मोहरीत, मोहरी चक्क्यात. चमच्याने हलक्या हाताने. इथेही मिक्सर बंद. चक्का जोरात फिरवला की त्याची घट्ट वीण मोडते आणि सॉसचं ताक होतं. दोन मोठे चमचे घाण्याचं शेंगदाणा तेल थोडं थोडं घालत मिसळायचं. कच्चं तेल वासाला कळतं, म्हणून रिफाइंड घालून उपयोग नाही आणि जुनं घालण्यात तर संकट आहे. चिमूटभर साखर. शेवटी दोन मोठे चमचे बारीक चिरलेला शेपू, धुऊन अगदी कोरडा केलेला. शेपू म्हटलं की निम्मं घर उठून जातं, पण कच्च्या शेपूचा वास शिजलेल्या शेपूसारखा पाठलाग करत नाही. तरीही जमत नसेल त्यांनी कांद्याची पात घालावी.

मीठ सर्वांत शेवटी, वाढायच्या थोडंच आधी, पोह्याचा अर्धा चमचा. आधी घातलं तर चक्का पाणी सोडतो. फ्रिजमधून काढल्या काढल्या चव घेऊन मीठ वाढवू नये, गार जिनसांत मीठ जिभेला कमीच जाणवतं. पंधरा मिनिटं बाहेर ठेवून मग बघावं.

भाज्यांचं एकच तत्त्व: कोरड्या. ओल्या गाजरावरून सॉस असा घसरतो की खाणाऱ्याच्या शर्टाला जास्त मिळतो. काकडीचा मधला बियांचा भाग काढून, लांब तुकड्यांना मीठ लावून दहा मिनिटं ठेवायचं आणि पंच्याने पुसायचं. गाजर-मुळा अर्धा तास गार पाण्यात ठेवले की कडक होतात, मग तेही पुसायचे. फरसबी उकळत्या मिठाच्या पाण्यात तीन-चार मिनिटं, मटार एक-दोन मिनिटं, लगेच गार पाण्यात. बटाटे सालासकट उकडून, निवल्यावर अर्धे करून. हो, इथे गॅस पेटतो. पण सॉससाठी नाही, तेव्हा प्रतिज्ञा शाबूत आहे.

ताट मांडलं की पहिला प्रश्न येतो, ‘ही कोशिंबीरच ना?’ तांत्रिकदृष्ट्या, हो. रायत्यातही राई होतीच. कोशिंबिरीत भाज्या आत असतात, सॉसमध्ये बाहेर. बाकी फरक वाटीच्या किमतीत. दुसरा प्रश्न जिरावणाचा, म्हणजे इंदुरी पोह्यांवर भुरभुरतात त्या मसाल्याचा, आणि तिसरा, इंदुरात टाळता न येणारा: ‘शेव नाही का?’ जिरावण बटाट्यावर खुशाल पडू द्यावं, वाटीत नको, त्यात आधीच मीठ असतं.

सॉस पातळ झालाच असेल तर उपाय डाळ्याच्या पिठाचा. डाळं आधीच भाजलेलं असतं, म्हणून कच्चं लागत नाही. एक मोठा चमचा ढवळून पाच मिनिटं थांबावं. डाळं घरात नसेल तर त्या शेववाल्या पाहुण्याला अडवू नये. बारीक शेव म्हणजे बेसनच, ती वाटीतलं पाणी पिते आणि थोड्या वेळात सॉस चमच्यावर उभा राहतो. फक्त हे त्याच्यासमोर कबूल करू नये. पुढच्या वेळी तो जलेबीही बुडवेल.