वेस्ट ऑकलंडचा लेख मी का काढणार नाही

काका, वेस्ट ऑकलंडवरचा माझा लेख काढून टाकावा, असं तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, तेव्हा उत्तरही तसंच द्यायला हवं. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: इंग्लंडातल्या डरहॅम परगण्यातल्या वेस्ट ऑकलंड या खाणकामगारांच्या गावचा फुटबॉल क्लब १९०९ साली इटलीतल्या तूरिन शहरातल्या स्पर्धेला गेला तो चुकून. बोलवायचं होतं लंडनच्या वुलिच आर्सेनल क्लबला, पण दोन्ही नावांची आद्याक्षरं डब्ल्यू. ए., त्या घोळात पत्र गेलं यांना. अशा योगायोगाला इतिहास म्हणू नये. शिवाय तिकडचे हौशी खेळाडूही गुपचूप पैसे घेत. आणि इंदूरच्या माणसाला लिहायचंच असेल तर त्याने होळकर संस्थानाच्या क्रिकेट संघावर लिहावं.

पत्राची गोष्ट रंजक आहे, पण तिला कागदाचा आधार नाही. पक्कं ठाऊक आहे ते एवढं: चहाचे व्यापारी सर थॉमस लिप्टन यांनी चषक ठेवला, इटली, जर्मनी आणि स्वित्झर्लंडचे संघ आले, आणि इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने आपला संघ द्यायला नकार दिला. मग वेस्ट ऑकलंडची मंडळी गेली. अंतिम सामन्यात त्यांनी स्वित्झर्लंडच्या विंटरथूरला २-० असं हरवलं. समजा, पत्र चुकलंच होतं. मग १९११चं काय? त्या वर्षी ते विजेते म्हणून गेले आणि अंतिम सामन्यात इटलीच्या युव्हेंटसवर ६-१ अशी मात करून आले. चुकीच्या पत्त्यावर पडलेलं पत्र फार तर तूरिनपर्यंत पोचवील, युव्हेंटसला सहा गोल मारून देणार नाही.

पण मी लेख लिहिला तो या विजयासाठी नाही, पुढे जे झालं त्यासाठी. दोनदा जिंकल्यामुळे चषक कायमचा त्यांचा झाला, आणि क्लब मात्र कर्जात बुडाला. शेवटी गावातल्या व्हीटशीफ हॉटेलच्या मालकीणबाईंकडे ४० पौंडांसाठी तो चषक गहाण पडला. तो सुटला १९६० साली, १०० पौंड मोजून. मधल्या काळात दोन महायुद्धं होऊन गेली, १९३०पासून फिफाचा विश्वचषक सुरू झाला, पण हे गाव आपली वस्तू विसरलं नाही. दुसऱ्याच वर्षी, १९६१ला, हाच क्लब लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर इंग्लंडातल्या हौशी संघांच्या चषकाच्या अंतिम सामन्यात उभा होता. वॉल्थमस्टो ॲव्हेन्यू या क्लबकडून २-१ असा हरला. १९९४मध्ये तो इटलीतून आणलेला चषक चोरीला गेला, तेव्हा त्याची प्रतिकृती करून घेतली. क्लब आजही खेळतो. २०१२ आणि २०१४ला पुन्हा वेम्ब्लीपर्यंत पोचला, दोन्ही वेळा हरला. मला हे हरणंसुद्धा फार मोलाचं वाटतं.

चोरून पैसे देण्याबद्दल वाद नाही. इंग्लंडात ते सर्रास चालायचं, म्हणून तर असोसिएशनने १९७४ला हौशी आणि व्यावसायिक हा भेदच रद्द केला. फक्त चषक गहाण टाकणाऱ्या क्लबकडे त्या वेळी वाटायला पैसे कुठून असणार, याचाही विचार करावा.

आता होळकर संघ. तुमच्या वडिलांनी यशवंत क्लबच्या मैदानावर सी. के. नायडूंना खेळताना पाहिलं, हे वाचून मला हेवा वाटला. चार वेळा रणजी करंडक जिंकलेला संघ होता तो. १९४४-४५च्या अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध होळकर संघाकडून नाबाद २४९ धावा काढणारा इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन तर पुढे त्याच आर्सेनलसाठी फुटबॉलचा एफ. ए. कप जिंकला! पण काका, हा संघ दरबाराच्या आधाराने उभा होता. नायडू होळकरांच्या फौजेत कर्नल होते. संस्थानं गेली, आणि १९५४-५५ला मद्रासविरुद्धचा अंतिम सामना हरल्यावर होळकर हे नावच रणजीतून पुसलं गेलं. शहराचं प्रेम तसूभर कमी नव्हतं, तरी संघ टिकला नाही, कारण तो शहराच्या वर्गणीवर कधी चाललाच नव्हता. पुढे मध्य प्रदेशाला रणजी करंडक मिळायला २०२२ साल उजाडावं लागलं.

म्हणून मला वर्गणीवर चालणाऱ्या क्लबांचा इतिहास हवा आहे. इंदूरच्या चिमणबागेत खेळणाऱ्या पोरांच्या चेंडूचे, जाळीचे पैसे कुणीतरी दरवर्षी खिशातून घालतो. त्याचं नाव कुठे छापून येत नाही. वेस्ट ऑकलंडमध्ये निदान ते ४० पौंड लिहून ठेवलेले आहेत, आणि त्या आकड्यावरूनच मला त्या गावाची खरी ओळख झाली.

वडिलांनी जपलेली कात्रणं अजून असतील तर जरूर दाखवा, घरी येऊन बघीन. होळकर संघावर लिहायचं आहेच, आणि तुमच्या मदतीने ते जास्त चांगलं होईल. हा लेख मात्र जागेवरच राहील.