"परत भरलीस गं!" म्हणणाऱ्या काकूंसाठी

आत्ताच रामबागेतून चैत्राच्या हळदीकुंकवाहून आले. साडीही बदललेली नाही. राग आहे तोवर लिहिते, उद्या लिहिणं होणार नाही.

पन्हं झालं, आंब्याच्या डाळीची वाटी हातात आली. लेकीने पहिला चमचा तोंडात घातला आणि शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगंबाई, मध्यंतरी किती छान बारीक झाली होतीस! परत भरलीस गं." सगळ्या हसल्या. लेकही हसली. मग वाटी हळूच खुर्चीखाली सरकवली आणि निघेपर्यंत रुमालातले भिजवलेले हरभरे एकेक करून मोजत बसली.

काकू, ती 'छान बारीक' झाली तेव्हापासून पुढे घरात काय चाललं होतं ते ऐका. तिला विचारूनच लिहिते आहे.

बारावीचं वर्ष. जेवण झालं की ती बाथरूममध्ये जायची आणि नळ सोडायची. पाच मिनिटं, सात मिनिटं. आपल्या इंदूरला नर्मदेचं पाणी दिवसाआड. मी बाहेरून ओरडायचे, "अगं, सत्तर किलोमीटरवरून येतं ते पाणी, बंद कर!" आत पोर घशात बोटं घालून ओकत होती. आवाज बाहेर येऊ नये म्हणून नळ सोडत होती. आणि मी पाणी वाचवत होते.

सुरुवात उपासांनी झाली. आधी चतुर्थी, मग एकादशी, मग गुरुवार, मग सोमवार. आपल्या घरांत उपास करणाऱ्या मुलीला कोण अडवतं? आजीने तर कौतुकच केलं. वजन उतरलं, तुम्ही सगळ्यांनी वाहवा केली, आणि तिने ती वाहवा धरून ठेवली. पण उपाशी शरीर गप्प बसत नाही. रात्री सगळे झोपले की ती अर्धा अर्धा किलो शेव, थंड पोळ्या, लोणच्याचा खार, जे हाताला लागेल ते संपवायची. थांबताच यायचं नाही, असं ती सांगते. मग शरम, मग नळ, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उपास. दिवाळीची साफसफाई करताना शालींच्या खाली शेवेची रिकामी पाकिटं सापडली. मी त्यावरूनही बोलले. चोरून खातेस म्हणाले. आज ते शब्द आठवले की जीव नकोसा होतो.

डॉक्टरांकडे नेलं होतं हो. "वजन तर नॉर्मल आहे," म्हणाले आणि ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या. तोवर वजन परत आलं होतं, गालही भरलेले दिसत होते. मला वाटलं, तब्येत सुधारली. ओकून ओकून कानाखालच्या लाळेच्या ग्रंथी सुजल्या होत्या, हे कुठे माहीत!

ओळखलं ते दाताच्या डॉक्टरीणबाईंनी. दात शिवशिवतात म्हणून गेलो होतो. त्यांनी छोटा आरसा तोंडात घातला, वरचे पुढचे दात मागच्या बाजूने पाहिले आणि मला बाहेर बसायला सांगितलं. पोटातलं आम्ल रोज लागून तिथला मुलामा झिजतो. वर ती ओकल्यावर लगेच खसखसून ब्रश करायची, त्याने आणखी झिजतो. नुसती चूळ भरायची असते. उजव्या हाताच्या बोटांच्या सांध्यांवर घट्टे होते, दात लागून लागून पडलेले. मी रोज त्या हातात पोळी वाढत होते.

पुढे मानसोपचारतज्ज्ञांनी नाव सांगितलं, बुलिमिया. 1979 साली लंडनच्या डॉ. जेराल्ड रसेल यांनी हा आजार वेगळा मांडला, हातावरच्या त्या घट्ट्यांनाही त्यांचंच नाव आहे. म्हणजे माझ्या लेकीच्या जन्माआधीपासून पुस्तकात छापलेली खूण, आणि आमच्याकडे ॲसिडिटीची गोळी! रक्तात पोटॅशियम खाली गेलं होतं. ते फार उतरलं तर हृदयाचे ठोके चुकतात, म्हणून आधी ईसीजी काढला. आठवड्यातून एकदा जरी असं खाणं आणि ओकणं तीन महिने चाललं, तरी आजार धरतात. वजन नॉर्मल असलं तरी. मुलग्यांनाही होतो, त्यांच्याकडे तर कुणी बघतच नाही.

उपचार म्हणजे टॉनिक नाही आणि "जरा मन घट्ट कर" तर मुळीच नाही. वीसेक बैठकांची थेरपी झाली. काय खाल्लं, कधी खाल्लं, तेव्हा मनात काय होतं, हे वहीत लिहायचं. दर तीन-चार तासांनी खायचं, उपास पूर्ण बंद. सोबत फ्लुओक्सेटीन नावाचं औषध, डॉक्टरांनी ठरवून दिलेलं. आणि घरच्यांचं काम एकच, जेवणानंतर तासभर तिच्यासोबत बसायचं, वजनाचा विषय न काढता. आम्ही तिघं पाच-तीन-दोन खेळायचो. पहिले कित्येक दिवस पत्ते धरलेला तिचा हात थरथरायचा आणि नजर बाथरूमच्या दाराकडे असायची.

मान्य, काकू प्रेमानेच बोलल्या. वजन फार वाढलं तर तेही वाईटच, मधुमेह आमच्याही घरात आहे. पण ते तिचे डॉक्टर सांगतील ना! तिच्या नोकरीबद्दल विचारा. साडीबद्दल विचारा. "डाळ कशी झालीय?" एवढं विचारलं असतंत तरी तिने वाटी संपवली असती.

कुणाच्या घरात जेवणानंतर असा नळ वाहत असेल तर ओरडू नका. 14416 हा सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट आहे, चोवीस तास. किंवा मला मेसेज करा, रात्री केला तरी चालेल.

आत्ता लिहिता लिहिता आतून नळाचा आवाज आला. चार वर्षं झाली तरी माझे पाय आपोआप उठले. दार उघडंच होतं. "आई, पाय धुतेय गं," म्हणाली. मग माझ्याकडे बघून स्वतःच म्हणाली, "जेवू या आपण, भूक लागलीय."

वरणभात, बटाट्याची भाजी, दोन पोळ्या. जेवली. बाबांनी पत्ते काढलेत, ती पिसते आहे. बोलावतेय, जाते.